पोरगी बंदूक चालवणार म्हणते

परवा गटाच्या बैठकीत एक ताई एनसीसी शिबिराचं संमतीपत्र घेऊन आली. "पोरगी बंदूक चालवणार म्हणते. सही करू का?" हप्त्यांचा हिशेब तिथंच राहिला.

तर ऐका. गोळी लगेच हातात देत नाहीत. आधी पॉइंट टू टू रायफल उघडून ती रिकामी आहे का, हे बघायला शिकवतात. दुसऱ्यानं बघितली असली तरी आपण पुन्हा बघायची. रिकामी असली तरी नळी माणसाकडे वळवायची नाही. हुकूम होईपर्यंत चापावर बोट नाही. मग पालथं झोपून, नेम धरून, श्वास क्षणभर रोखून चाप हळूच दाबायचा. झटका दिला की नेम हलला. शेवटी रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत द्यायच्या. (२०१७ साली आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषानं माणसं गेली. त्या डब्यांना एवढी शिस्त कुठं होती?)

मुंबईच्या अंजली भागवतनं एनसीसीतूनच नेमबाजी धरली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली.

ताईनं सही केली. पण आधी शाळेत फोन लावून विचारलं, "मुलींसोबत मॅडम कोण येणार?"