विठ्ठलापूरचा मुक्काम, नार्व्याची वाट

गोव्यात देवदर्शनाला निघालेली आपली मंडळी बहुधा फोंडा तालुक्यात उतरतात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी अशी पाच देवळे एका दिवसात, दुसऱ्या दिवशी समुद्र, तिसऱ्या दिवशी काजूच्या पिशव्या घेऊन परतीची गाडी. फोंड्याची देवळे सुंदरच आहेत आणि तिथे जाऊ नये असे मी कधीच म्हणणार नाही. पण ज्यांचे ते दर्शन झाले आहे त्यांना मी एकच आग्रह करत आलो आहे. पुढच्या खेपेला डिचोली तालुक्यात कारापूरला दोन रात्री राहा. तिथून विठ्ठल, दत्त, रुद्रेश्वर आणि नार्व्याचा सप्तकोटीश्वर असे चार देव निवांत होतात. धावपळ नाही आणि रांगही क्वचितच.

कारापूर म्हणजे साखळीचा सख्खा शेजारी. साखळीची बाजारपेठ वाळवंटी नदीच्या एका अंगाला, पूल ओलांडला की कारापूर-सर्वण पंचायतीची हद्द, आणि तिथेच नदीला धरून वसलेले विठ्ठलापूर. लोक बोलताना ‘साखळीचा विठोबा’ म्हणतात, पण देऊळ कारापुरात आहे. पत्ता विचारताना विठ्ठलापूर म्हणावे, म्हणजे कोणीही नेमका रस्ता दाखवतो.

हा विठ्ठल सत्तरीच्या राण्यांचा. राणे मूळचे राजस्थानातले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या तलवारीचा दबदबा साऱ्या सत्तरी-साखळीत होता. पोर्तुगिजांविरुद्ध १८५२ साली उठलेले दीपाजी राणे आणि १८९५ च्या बंडातले दादा राणे याच घराण्याच्या मुळातले. अशा लढाऊ माणसांनी आराध्य म्हणून कमरेवर हात ठेवून शांत उभा राहणारा देव धरावा, हे मला फार आवडते. देवळाचा आजचा बाह्याकार १९४२ च्या जीर्णोद्धारातला आणि उत्तर हिंदुस्थानी वळणाचा आहे. त्यामुळे फोंड्याचे घुमट आणि कौलारू उतार पाहिलेल्या डोळ्यांना तो पहिल्यांदा वेगळा वाटतो. पण आत सभामंडपात भजनाला बसल्यावर हा वेगळेपणा विसरायला होते. आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते पेडण्यापासून सत्तरीपर्यंतचे वारकरी इथे येतात. पाऊस मी म्हणत असतो, वाळवंटी गढूळ होऊन दुथडी वाहत असते, आणि पुलावरून टाळांचा आवाज येत राहतो. त्या दिवशी मुक्कामाचा विचार करू नये, जागा मिळत नाही. दर्शन घ्यावे आणि फिरावे.

चैत्रातला उत्सव हा इथला मोठा सोहळा. त्यातला वीरभद्र ज्याने पाहिला नाही त्याने साखळी पाहिली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्र चढलेली असते, ढोल-ताशांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो, आणि दोन्ही हातांत तलवारी घेतलेला वीरभद्र खचाखच गर्दीतून नाचत येतो. दक्षयज्ञाची कथा आपल्याला पुराणातून ठाऊक असते. इथे ती अंगावर येते. लहान मुलांना खांद्यावर घेऊन पुढे घुसू नका. कोणाच्या तरी ओसरीवर विनंती करून जागा मिळवा. साखळीकर माणूस नाही म्हणत नाही.

आता राहण्याचे. पंढरपूर किंवा शिर्डीसारखा प्रचंड भक्तनिवास, संगणकावर खोली राखायची सोय, असली कल्पना मनात धरून येऊ नये. गोव्यातली देवस्थाने महाजनांची. त्यांचा कारभार पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली झालेल्या देवस्थान कायद्याच्या चौकटीत चालतो आणि तालुक्याचा मामलेदार त्यांचा प्रशासक असतो. देवळाच्या आवारातल्या खोल्यांना अगरशाळा म्हणतात. त्या मुळात महाजन, कुळावी आणि उत्सवाला येणाऱ्यांसाठी असतात. परक्याला मिळतात, पण समितीच्या माणसाशी किंवा भटजींशी आधी बोलावे लागते, आणि उत्सवाचे दिवस टाळावे लागतात. अगरशाळेत जागा नसेल तर साखळी किंवा डिचोलीच्या बाजारात साधी लॉजे आहेत. मी मात्र नेहमी नदीच्या विठ्ठलापूरच्या बाजूला राहायला पाहतो. पहाटेची काकड आरती चालत जाऊन गाठण्यातले सुख गाडीने जाण्यात नाही.

जेवणाची चिंता नको. सकाळी बाजारात पाव आणि पातळभाजी, सोबत मिरचीची भजी आणि कडक चहा. दुपारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण हवे असे सांगितले की डाळ, भाजी, सोलकढी मिळते. सोमवारी तर गोव्यातली पुष्कळ घरे शिवराकच असतात.

पहिला दिवस आसपासचा ठेवावा. दत्तवाडीचे दत्तमंदिर १८८२ सालचे. मागे दाट झाडीची टेकडी, पुढे पोफळीचे कुळागर. मनाच्या आजाराने गांजलेल्या माणसांना इथे आणण्याची जुनी श्रद्धा आहे. मी तिला डॉक्टरांच्या औषधाला पर्याय मानत नाही. पण खचलेल्या माणसाला आणि त्याहून खचलेल्या त्याच्या घरच्यांना चार दिवस शांत बसायला जागा लागते, आणि ती इथे आहे, हे मी पाहिलेले आहे. तिथून हरवळे अगदी जवळ. धबधब्याच्या शेजारी रुद्रेश्वर, आणि थोड्या अंतरावर जांभ्या दगडात खोदलेली लेणी. गावकरी त्यांना पांडवांची गुंफा म्हणतात. एकेका दालनात शिवलिंग बसवलेले आहे. त्यांतल्या एकावर ब्राह्मी लिपीतला छोटा संस्कृत लेख आहे, त्यात सांबलूरच्या रवीचे नाव येते. राजाचे नाव नाही, बिरुदे नाहीत, केवळ एका माणसाचे नाव आणि त्याचे गाव, आणि ते हजार वर्षांहून जास्त टिकले. दगडात जास्त काही लिहिलेले नसल्यामुळेच मी तिथे जास्त वेळ रेंगाळतो. रुद्रेश्वराच्या काठावर दिवसकार्ये होतात, त्यामुळे कॅमेरा काढण्यापूर्वी आजूबाजूला कोण बसले आहे ते पाहावे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. पावसाळ्यात धबधबा देखणा आणि तितकाच घातकी असतो, पाण्यात उतरू नये.

इतिहास एका परिच्छेदात उरकतो. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी त्याच सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, तोवर त्यांची धर्मांतराची धार बोथट झाली होती. म्हणून इथले देव जागच्या जागी राहिले, आणि पलीकडून पळवून आणलेल्या देवांनाही त्याआधीपासून इथे आसरा मिळाला.

आता नार्वे. हा लेख लिहायला घेतला तो खरे तर नार्व्यासाठी.

कारापूरहून डिचोलीमार्गे गाडीने नार्वे फार लांब नाही. सरळ तिकडे जाता येते आणि बहुतेक जण तसेच जातात. माझे सांगणे असे की दुसरा पूर्ण दिवस राखून उलटे या. सकाळी लवकर जुन्या गोव्याला जा, फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरा, बेट पार करून पलीकडच्या टोकाला या आणि तिथून दुसऱ्या फेरीने नार्व्याला. देव ज्या बाजूने गेला त्याच बाजूने आपण जायचे.

सप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. राजे आपल्या बिरुदांत स्वतःला सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले म्हणवून घेत. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आहे आणि या देवाचे नाव आहे. राज्याचे चलन देवाच्या नावाने चालत होते, एवढे त्याचे स्थान. देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते पडले. विजयनगरचा मंत्री माधव याने शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभे केले. १५४० साली पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले आणि जागेवर चर्चचे बांधकाम आले. लिंगाची पुढची कथा सांगताना माझा आवाज आजही बदलतो. ते विहिरीवर पाण्याचा दोर ओढण्यासाठी बसवले होते, असे परंपरा सांगते. राजांनी ज्याच्यापुढे मस्तक टेकवले त्या दगडावर दोराच्या वळ्या उमटत होत्या. तिथून भक्तांनी ते रात्री उचलले आणि नदीपल्याड भतग्रामात, म्हणजे आजच्या डिचोली महालात आणले. तिकडे आदिलशाही होती, पोर्तुगिजांचा हात पोहोचत नव्हता.

दिवाडीवर उतरल्यावर घाई करू नका. बेटावर नार्वे याच नावाची वाडी आहे आणि तिथे कोटितीर्थ नावाचे जुने तळे आहे. जांभ्या दगडाचे, पायऱ्यांचे, आणि भिंतीत लहान लहान देवळ्या खोदलेले. त्या देवळ्यांत आता काहीही नाही. पाणी आहे, शेवाळ आहे, कधी एखादा खंड्या बसलेला असतो. पुरातत्त्व खात्याने हे ठिकाण संरक्षित केले आहे. गोव्यातल्या कुठल्याही भरजरी देवळापेक्षा मला हे रिकामे तळे जास्त बोलके वाटते. कारण इथे काय होते आणि काय गेले याचा अंदाज आपला आपल्याला बांधावा लागतो. इथे अर्धा तास बसून मग फेरीवर जा.

नदी तिथे रुंद आहे, पण पलीकडचा काठ स्पष्ट दिसतो. रात्रीच्या अंधारात, होडीत, एक जड दगड घेऊन माणसे हे पाणी ओलांडत असतील, तेव्हा मागच्या काठावरचे दिवे त्यांना दिसत असणार. पकडले गेले असते तर काय झाले असते, हे त्यांना माहीत होते. फेरीला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात हा विचार पुरता मनात उतरतो, म्हणूनच मी गाडीने सरळ येणाऱ्यांशी वाद घालतो.

पलीकडे उतरल्यावर रस्ता वर चढून पोफळी-माडांच्या खोलगटात उतरतो आणि देऊळ एकदम दिसते. बसके, पांढरे, अष्टकोनी चौथऱ्यावरचा घुमट, पुढे कौलारू उताराचा सभामंडप, समोर दीपमाळ आणि बाजूला काळभैरव. दरवाजावर शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. म्हणजे १६६८. त्या दिवसांत महाराजांचा मुक्काम याच डिचोली भागात होता आणि गोव्यावर त्यांची नजर होती. पोर्तुगिजांची राजधानी इथून नदीपल्याड. त्या राजधानीच्या दाराशी, पाडलेल्या देवाचे देऊळ बांधायला घेणे, याचा अर्थ पोर्तुगिजांना बरोबर कळला असणार. महाराजांच्या देवळांची यादी करताना आपण प्रतापगड सांगतो. नार्वेही त्याच दमात सांगायला हवे. शाळेच्या सहली रायगडला जातात, त्यांनी कधीतरी इथेही यावे.

गाभाऱ्यातले लिंग धारालिंग आहे, म्हणजे गोल गुळगुळीत नाही, उभ्या कंगोऱ्यांचे. अभिषेकाची धार त्या कंगोऱ्यांमधून उतरताना पाहावी. भटजी मोकळे असतील तर बाजूला थांबून विचारा, ते सांगतात. गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने केलेल्या संवर्धनानंतर देऊळ २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा खुले झाले. काम चांगले झाले आहे. संगमरवर आणि स्टीलचे कठडे घुसडून जीर्णोद्धार म्हणायची जी पद्धत गोव्यात बोकाळली आहे ती इथे टळली, याचा मला मनापासून आनंद आहे. गोकुळाष्टमीला नार्व्याला तीर्थस्नानाची जत्रा भरते. शिवाच्या गावात कृष्णाच्या जन्मदिवशी स्नान, हा योग मोठा गोड. जवळच जैनकोटाचे अवशेष आहेत. उन्हे कलायच्या आत तेही पाहून घ्या.

एक दिवस वाढवता आला तर शिरगावची लईराई, पण जत्रेच्या रात्री नको. वैशाख शुद्ध पंचमीला मोगऱ्याचे हार गळ्यात घालून, हातात वेताची काठी घेऊन धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात. त्या व्रताबद्दल मला अपार आदर आहे. पण २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरीत भाविकांचे जीव गेले. बाहेरगावच्या माणसाने देवीला एरवीच्या शांत दिवशी भेटावे. पेडण्याची भगवती आणि कोजागिरीची पुनव मात्र पाहायलाच हवी. त्या पुनवेला, एका रात्रीत देऊळ बांधून द्या म्हणून भूतनाथ हा देव रुसतो आणि लोक त्याची समजूत काढतात. देव आणि गाव यांच्यातले असे घरगुती भांडण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

येण्याच्या वाटा सोप्या आहेत. बेळगावहून चोर्ला घाटातून थेट साखळी. सिंधुदुर्गातून दोडामार्गमार्गे डिचोली. कोकण रेल्वेने थिवीला उतरावे. २०२३ पासून पेडण्यात मोपाचा विमानतळ चालू आहे. कदंब परिवहनच्या बसेस साखळी-डिचोलीपर्यंत पुष्कळ आहेत, नार्व्याला थोड्याच, म्हणून त्या दिवशी रिक्षा किंवा स्वतःचे वाहन ठेवावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. धबधबा हवा असेल तर श्रावण-भाद्रपदात या, मात्र जास्त पावसात वाळवंटी साखळीच्या बाजारात शिरते, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून विचारा. सोबत टॉर्च, छत्री आणि अनवाणी चालायची सवय असू द्या. अभिषेक करायचा असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. आणि दिवाडीहून नार्व्याला निघताना शेवटची फेरी किती वाजता आहे ते धक्क्यावरच्या माणसाला विचारल्याशिवाय कोटितीर्थावर बसू नका.