इंजेक्शन पोचलं, अटी मागे राहिल्या

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स १९६० च्या दशकात मेंढ्यांवर संशोधन करत होते. प्रसूतीच्या कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, हा त्यांचा प्रश्न होता. गर्भाला स्टिरॉइड दिल्यावर एक कोकरू दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलं. एवढ्या कोवळ्या वयात फुप्फुसं उघडत नाहीत, त्यामुळे ते जगायची शक्यताच नव्हती. तरी ते श्वास घेत होतं. हा धागा धरून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या २८२ मातांवर स्टिरॉइडच्या इंजेक्शनची चाचणी घेतली. १९७२ साली निष्कर्ष छापून आले. इंजेक्शन न मिळालेल्या गटात जन्मानंतर लगेचच्या दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण १५ टक्के होतं, मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

औषध स्वस्त होतं, ओळखीचं होतं. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी ते सरसकट वापरण्याची शिफारस केली ती १९९४ साली. तोवर तिथे अशा मातांपैकी पाचांत एकीलाही ते मिळत नव्हतं. मधल्या २२ वर्षांत किती बाळं केवळ श्वास न घेता आल्यामुळे गेली असतील, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं. स्टिरॉइडमुळे आईला जंतुसंसर्ग होईल ही भीती होतीच. शिवाय इंजेक्शन द्यायचं प्रसूतितज्ज्ञाने आणि काचेच्या पेटीतल्या बाळाची धाप बघायची बालरोगतज्ज्ञाने, अशी कामाची वाटणी होती. मला हे कारण फार महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक अडचण होती. नंतरच्या चाचण्या लहान होत्या. एखादीत फायदा ठळक दिसे, एखादीत संशयाला जागा राही. १९९३ मध्ये इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या बोधचिन्हात हीच कथा आहे. त्यातली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे या इंजेक्शनची एक चाचणी, मधली उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’. बऱ्याचशा आडव्या रेघा उभीला छेदतात, म्हणजे एकेकटी चाचणी ठाम काही सांगत नाही. सगळ्यांची बेरीज दाखवणारा खालचा चौकोन मात्र उभ्या रेघेच्या स्पष्ट डावीकडे, फायद्याच्या बाजूला आहे. उत्तर तयार होतं, पण कितीतरी वर्षं कोणी बेरीजच केली नव्हती.

आता बेरजा करणारे पुष्कळ आहेत, पण त्या बेरजांचाही ढीग झाला आहे. २०१० साली चाल्मर्स आणि दोन सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार रोज ७५ नव्या चाचण्या आणि ११ आढावे प्रसिद्ध होत होते. ‘पबमेड’ या वैद्यकीय सूचीत आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. रात्री दहाला ओपीडी संपवणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला ‘तुम्ही वाचत नाही’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते सी.एम.ई.ला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजेरी लावून मिळतात, पण ऐकलेलं दवाखान्यात उतरलं का, हे कोणी पाहत नाही. २०२५ पासून सरकारी शिक्षणसंस्थांना ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेतून हजारो जर्नल खुली झाली, खासगी दवाखाना त्या योजनेत नाही. तिथे नवीन औषधाची खबर घेऊन नेमाने येतो तो औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, एम.आर.

पण खबर पोचली की काम झालं, असंही नाही. जून २०१४ मध्ये भारत सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार अकाली कळा सुरू झाल्या, तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी एएनएमनेही (गावातल्या आरोग्यसेविकेनेही) डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा पहिला डोस द्यायचा होता. त्याच वर्षी सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे आले. तिच्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगावही होतं. गावपातळीवर हे इंजेक्शन सर्रास उपलब्ध केलेल्या भागांत नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले होते : दर हजारी २७.४, तर इतर भागांत २३.९. गर्भाचे नेमके आठवडे ठाऊक नसताना इंजेक्शन दिलं गेलं आणि पूर्ण दिवसांच्या कितीतरी बाळांच्या आयांनाही ते मिळालं. मातांमध्ये संसर्गाची शंकाही अधिक दिसली. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे पक्के करून चाचणी झाली. तिच्यात बाळं दगावण्याचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आलं. म्हणजे औषध खरंच जीव वाचवतं, पण आठवडे माहीत हवेत, आईला संसर्ग नको आणि बाळ सांभाळायची सोय हवी. यातला एकेकच निबंध वाचलेले तीन डॉक्टर, तिघेही प्रामाणिक असून, तीन वेगळे निर्णय घेतील.

त्याच २०२० साली हेच डेक्सामेथासोन पुन्हा बातमीत आलं. १६ जूनला ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू या औषधाने सुमारे एक तृतीयांशाने घटतात. २७ जूनला ते भारताच्या उपचारसूचनांत आलं. एकदा २२ वर्षं लागली होती, या वेळी ११ दिवस. कारण देशातल्या प्रत्येक डॉक्टरने वाचत बसण्याची गरज नव्हती. काही जणांनी वाचून, जोखून सूचना काढली होती. प्राणवायूची गरज नसलेल्या रुग्णांना या औषधाचा फायदा दिसला नाही, हेही त्याच निष्कर्षात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाक्य मात्र तेवढ्या वेगाने गावोगाव गेलं नाही. २०२१ च्या लाटेत घरी बसलेल्या, श्वास व्यवस्थित चालू असलेल्या कितीतरी रुग्णांच्या चिठ्ठीवर स्टिरॉइड होतं. त्यानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण हजारोंनी आले, तेव्हा आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर या दोन्ही कारणांकडे डॉक्टरांनीच बोट दाखवलं.