गावचा संपादक देशाचा अध्यक्ष होतो

तालुक्याच्या गावी निघणारे एखादे चार पानी वर्तमानपत्र पूर्वी पाहायला मिळे. संपादक, बातमीदार, जाहिराती गोळा करणारा आणि प्रसंगी खिळे जुळवणारा, सारे एकच गृहस्थ! असाच एक गृहस्थ पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याचे नाव वॉरन हार्डिंग.

हार्डिंगचा जन्म 1865 साली ओहायो राज्यातल्या एका खेड्यात झाला. वडिलांची कॅलिडोनिया गावच्या एका छोट्या पत्रात भागी होती. तिथेच पोर छपाई शिकले. कॉलेज संपल्यावर त्याने थोडे दिवस खेड्यातली शाळाही चालवली. पण मन रमले नाही. 1884 साली, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, त्याने दोन मित्रांबरोबर 300 डॉलरला मॅरियन गावचे डबघाईला आलेले ‘स्टार’ पत्र विकत घेतले. मॅरियनची वस्ती तेव्हा जेमतेम चार-पाच हजारांची.

पत्र जगले कसे? 1891 साली फ्लॉरेन्सबाईंशी लग्न झाले. बाई हिशेबाला कडक. पत्र घरोघर पोचवणाऱ्या मुलांची त्यांनी शिस्तीत व्यवस्था लावली. आणि हार्डिंगचे धोरण असे, की प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असतात, त्या दोन्ही मिळवा; कोणाचे मन उगाच दुखवू नका; गावाची निंदा करण्यापेक्षा गाव वर आणा. गाव वाढले, तसे पत्रही वाढले.

सर्वांशी गोड असणाऱ्या माणसाला राजकारणात वाट लवकर मिळते. राज्याचे सिनेट, मग उपराज्यपालपद. 1910 साली राज्यपालपदाची निवडणूक मात्र हरली. 1914 साली तो देशाच्या सिनेटवर निवडून आला आणि 1920 साली पक्षाने त्याला अध्यक्षपदासाठी उभे केले. प्रचाराचा बराचसा भाग त्याने मॅरियनला आपल्या घराच्या ओसरीवरूनच केला. लोक आगगाडीने त्याच्याकडे येत. गंमत अशी, की प्रतिस्पर्धी जेम्स कॉक्स हाही ओहायोचाच, आणि वर्तमानपत्राचाच मालक! 2 नोव्हेंबर 1920 च्या रात्री या निवडणुकीचे निकाल पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने रेडिओवरून सांगितले. आपल्यासारख्या श्रोत्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. शेकडा साठ मते हार्डिंगला पडली.

काही कामे त्याने चांगली केली. 1921 साली सरकारी खर्चाला शिस्त लावणारे अंदाजपत्रक-खाते निघाले. बड्या राष्ट्रांची आरमारे कमी करण्यासाठी वॉशिंग्टनला परिषद भरली. युद्धाला विरोध केला म्हणून तुरुंगात पडलेले समाजवादी पुढारी डेब्ज यांना त्याने सोडले. डेब्ज 1920 च्या निवडणुकीत त्याच्याच विरुद्ध उभे होते, हे विशेष.

मग घात कुठे झाला? मित्रांच्या बाबतीत. अंतर्गत खात्याचे मंत्री फॉल यांनी टीपॉट डोम येथील सरकारी तेलसाठा लिलाव न करता एका कंपनीला भाड्याने दिला. पुढे 1929 साली त्यांच्यावर लाच घेतल्याचे सिद्ध झाले, आणि ते तुरुंगात गेले. माजी सैनिकांच्या खात्याचे प्रमुख फोर्ब्ज यांनी इस्पितळांचा माल स्वस्तात फुंकला. हार्डिंगला हे कळले, तेव्हा त्याने बोभाटा न करता त्यांना राजीनामा देऊन जाऊ दिले. शत्रूंचा मला ताप नाही, मित्रांमुळे झोप लागत नाही, अशा अर्थाचे त्याचे बोलणे व्हाईट नावाच्या दुसऱ्या एका गावठी संपादकानेच नोंदवून ठेवले आहे. 1923 च्या ऑगस्टमध्ये, अधिकारावर असतानाच, तो वारला.

आता विचार करा. कोणाला दुखवायचे नाही, हा गुण गावच्या पत्राला पोसतो. पण तिजोरीची किल्ली हाती असलेल्या माणसाला कधी ना कधी दुखवावेच लागते, आणि तेही आपल्याच माणसाला. शिक्षकबंधूंनी मुलांना हार्डिंगची गोष्ट जरूर सांगावी. दोन्ही बाजू ऐकणे हे अर्धे काम झाले. ऐकून झाल्यावर खरी बाजू कोणती, हे तोंडाने सांगणे हे उरलेले अर्धे. आणि हार्डिंग अडला तो तिथेच.