पाडव्याला गाडी घ्यायचीय? मग सहा वर्षं जुनी बघा

२०२५ च्या घटस्थापनेच्या दिवशी जीएसटी उतरला आणि दसऱ्याला शोरूमसमोर हार-नारळ घेऊन रांगा लागल्या. पाठोपाठ पाडव्याची बुकिंगही जोरात झाली. लहान पेट्रोल गाडीवरचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे शोरूमची किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी खाली आली. गाडी स्वस्त झाली, हे सेल्समनचं म्हणणं खरंच आहे. पण या कपातीचा सर्वांत मोठा फायदा शोरूमबाहेरच्या गिऱ्हाइकाला आहे. रोज ऑफिसला जायला, मुलांना क्लासला सोडायला, महिन्यातून एकदा गावी जायला पाच-सहा वर्षं वापरलेली गाडी घेणाऱ्यासाठी याहून चांगला मोसम नाही.

कारण साधं आहे. नवीचा भाव उतरला की त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीला आपला भाव धरून ठेवता येत नाही. शिवाय सणाच्या एक्स्चेंजमध्ये दिलेल्या गाड्या सणानंतरच्या काही आठवड्यांत बाजारात येतात. माल वाढतो आणि घासाघीस करायला वाव मिळतो. करकपातीआधी सांगितलेलीच किंमत कुणी आजही सांगत असेल, तर त्याला नवीची आजची किंमत दाखवा आणि मग बोला.

पैसा झिरपतो कुठे?

गाडीची किंमत किती वेगाने घसरते, याचा तक्ता विमा कंपन्यांकडे तयारच असतो. विम्यासाठी गाडीचं मूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. मॉडेल चलतीचं असेल तर बाजारात याहून बरा भाव येतो, पण घसरणीची दिशा हीच असते.

आठ लाखांची पेट्रोल गाडी घ्या. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे ८८ हजार. हा पैसा गाडी विकताना परत येत नाही. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साडेचौदा हजारांच्या घरात जातो आणि व्याजच एक लाख ७२ हजारांच्या आसपास होतं. पाच वर्षांनी विमा-तक्त्यानुसार गाडी चार लाखांची उरते. घसारा, कर आणि व्याज मिळून सहा लाख साठ हजार गेले. म्हणजे पेट्रोलचा थेंबही न टाकता महिन्याला अकरा हजार रुपये.

आता हीच गाडी पाच वर्षांनी दुसरा माणूस चार लाखांना रोखीने घेतो, पाच वर्षं चालवतो आणि दीड लाखाला विकतो. अडीच लाखांचा घसारा झाला. जुनी गाडी काम काढणार, म्हणून नवीपेक्षा वर्षाला तीस हजार जास्तीचा दुरुस्ती खर्च धरा. तरी बेरीज चार लाखच होते. नवी घेणाऱ्यापेक्षा अडीच लाखांहून अधिक रक्कम वाचते. मात्र जुन्या गाडीवरचं कर्ज महाग असतं, त्यामुळे हे गणित रोखीने किंवा अगदी लहान कर्जावरच जमतं. मोठं कर्ज काढून जुनी गाडी घेण्यात अर्थ नाही.

मिस्त्री सोबत न्या

जुन्या गाडीबद्दलची खरी भीती फसवणुकीची आहे, आणि ती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे गॅरेजवाला मिस्त्री. शंभर-दीडशे मुद्द्यांच्या छापील तपासणी-यादीपेक्षा माझा त्याच्यावर अधिक विश्वास आहे. चांगला मिस्त्री काम कसं करतो हे बघण्यासारखं असतं. तो आधी बोनेटकडे वळत नाही. पुढच्या सीटचा बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढतो. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधी बाहेर येतच नाही. गाडी पुरात बुडाली असेल तर तिथे गाळाचा पिवळट पट्टा सापडतो. सीटकव्हर बदलतात, कार्पेट धुतात, पण बेल्टचं हे टोक बहुतेक वेळा विसरतात. मग तो सीटखाली हात घालून रुळांवर गंज आहे का, ते बोटाने चाचपतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेल्यानंतर ही तपासणी आपल्याकडे ऐच्छिक राहिलेली नाही.

पुढची परीक्षा किल्लीची. इंजिन सुरू न करता किल्ली ‘ऑन’वर आणली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर त्याहून वाईट: एअरबॅग उडालेली आहे आणि कुणीतरी दिवाच काढून टाकला आहे, अशी शंका घ्यावी. त्यानंतर टायर. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांमधले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असं दिसलं तर मीटर मागे फिरवलेला आहे, असं समजून सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. गाडी ठोकलेली आहे का हे बोनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरून कळतं. त्यांच्या रंगावर पान्याच्या खुणा असतील तर ते कधीतरी उघडले गेले आहेत.

मॉडेल निवडतानाही मिस्त्रीचंच ऐकावं: पार्ट कोपऱ्यावर मिळाला पाहिजे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याला ज्या गाडीचे क्लच प्लेट, बुश, लिंक रॉड मागताक्षणी काउंटरवर येतात, तीच गाडी रोजच्या वापराची. तळेगावात कारखाना असूनही शेव्हर्लेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या दोघांच्याही दणकट, पण एखाद्या सेन्सरसाठी पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर सोमवारी कामावर जायचं कसं? उलट रांजणगावात तयार होणारं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट अशा तिघांच्या गाड्यांत बसलं. बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू होताना ते बंद झालं, तरी ते उघडून बसवणारे हात आजही तालुक्याच्या गावी सापडतात.

इथेनॉलची धास्ती

२०२५ च्या ऑगस्टपासून ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून जो गदारोळ झाला, त्याने जुन्या गाडीचे मालक धास्तावले आहेत. भीतीला आधार आहे, पण तो मर्यादित आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. वीस टक्के मिश्रण म्हटल्यावर ॲव्हरेज थोडं पडणारच. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असं म्हटलं होतं. ग्राहकाला पेट्रोल निवडण्याची मुभा द्यायला हवी होती आणि ती दिली नाही, याबद्दलचा राग मला पूर्ण मान्य आहे.

पण गाडी रोज चालत असेल तर धोका कमी होतो. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात तीन-तीन महिने झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीत त्यामुळे पाणी साचण्याची भीती असते. आठवड्याला टाकी रिकामी होणाऱ्या गाडीत ओल धरायला वेळच मिळत नाही. वाहन पंधरा-वीस वर्षांचं असेल तर रबरी नळ्या आणि गॅस्केट बदलून घ्यावेत. पाच-सहा वर्षांच्या गाडीत नियमित तपासणी पुरते.

इथे तडजोड नाही

जुनी म्हणजे कितीही जुनी, असा अर्थ मी काढत नाही. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने अल्टो, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आपटून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. चालकाशेजारची एअरबॅग सरसकट यायला २०२२ उजाडलं. म्हणून रोजच्या वापरासाठी २०१९ च्या मध्यानंतरची, दोन एअरबॅगवाली गाडी हीच माझी खालची मर्यादा. दोन लाख वाचले म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मुलांना एबीएसविना नेऊ नये. एप्रिल २०१९ नंतर नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी मूळचीच असते, त्यामुळे ती नव्याने बसवण्याची धावपळही वाचते. आणि गाडी एप्रिल २०२० नंतरची मिळाली तर ती बीएस-६ असते, म्हणजे प्रदूषणाच्या मुद्द्यावर तुम्ही नव्या गाडीच्या मालकाच्या जवळपास बरोबरीने उभे राहता.

गाडीचं वय नव्हे, तिचा धूर महत्त्वाचा: नेमकी हीच गोष्ट धोरणात हरवली आहे. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच तो आदेश पुढे ढकलावा लागला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही केवळ वयाच्या कारणावरून अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, असं सांगितलं. त्याच महिन्यात केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार रुपये केलं. पुन्हा मोजलं गेलं ते वयच. रोज ऐंशी किलोमीटर धावणारी आठ वर्षांची गाडी आणि निवृत्त शिक्षकाने जपून वापरलेली सोळा वर्षांची गाडी यांतली कुठली जास्त धूर सोडते, हे जन्मतारखेवरून कळत नाही. ते धुराच्या नळीत यंत्र घालून कळतं.

सरकारला धूरच कमी करायचा असेल तर पीयूसीचा कागद विकत मिळणं आधी थांबवावं. पहिल्यांदा पंधराव्या वर्षी होणारी तपासणी आठव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी यंत्रावर करावी. जी गाडी उत्तीर्ण होईल तिला सन्मानाने चालू द्यावं आणि जी नापास होईल ती पाच वर्षांची असली तरी थांबवावी. चांगली राखलेली गाडी लवकर भंगारात काढून तिच्या जागी नवी बनवायची, तर पोलाद, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि वीज पुन्हा खर्च होते. त्या निर्मितीतल्या धुराचा हिशेब कुठल्याच आरटीओत लागत नाही. सरकार हे करेल तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू या. पाडव्याला गाडी जरूर घ्या, पण टोकन देण्याआधी मिस्त्रीला एक सकाळ द्या, आणि वाचलेल्या पैशांतून सर्वांत आधी चार नवे टायर टाका.