पत जपताना माणूसही जपा

पहाटे चारलाच जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. तीस वर्षे नेमाने दुकान उघडणारा गृहस्थ किल्ल्या हातात घेऊन तसाच बसून राहतो. वहीतील बेरजा दोनदा तपासूनही चुकतात, नातवंडांचा गलका सोसत नाही, ताटातील आवडीचा पदार्थही बेचव लागतो. घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले, थकले आहेत.’ शेजारचे व्यापारी धीर देतात, ‘धंद्यात चढउतार चालायचेच, मन घट्ट करा.’ असेच महिने निघून जातात. व्यापारी कुटुंबांत नैराश्याचा आजार पुष्कळदा असा दुसऱ्याच नावाने वावरत असतो.

दुःख कोणाला चुकलेले नाही. जिवलगाचा वियोग किंवा व्यवहारातील खोट माणसाला हलवते. पण त्या दुःखातही मध्येच हसू उमटते आणि हळूहळू मन सावरते. नैराश्याची गोष्ट वेगळी. खिन्नता किंवा सर्व गोष्टींतील रस आटणे, यांपैकी एक तरी लक्षण दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक काळ टिकते. त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, निर्णय न सुचणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, मृत्यूचे विचार येणे अशी लक्षणे दिसतात. ज्येष्ठांमध्ये अंगदुखी व पोटाच्या तक्रारी, तर काही पुरुषांमध्ये चिडचिड पुढे येते आणि मूळ आजार झाकला जातो.

याचे कारण एकच नसते. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक संदेशवहनातील बदल, बालपणीचे आघात, कर्ज, एकाकीपणा, मद्यपान यांपैकी अनेक धागे एकत्र येतात. प्रसूतीनंतरच्या काळात स्त्रियांना, तसेच मधुमेह व हृदयविकार असलेल्यांना अधिक जपावे लागते. थायरॉइड ग्रंथी मंदावल्यास किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यासही अशीच लक्षणे दिसतात. शाकाहारात हे जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळत असल्याने आपल्या घरांत ही रक्ततपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

नैराश्यावर उपचार आहेत. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ रोलँड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा गुण नोंदवला; त्यानंतर अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाली. त्यांचा परिणाम जाणवू लागण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधीच ‘गुण नाही’ म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमीची चूक. बरे वाटल्यावरही सहसा किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र ती एकाएकी बंद करू नयेत. सौम्य नैराश्यात केवळ समुपदेशनानेही गुण येतो. ॲरन बेक यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रुग्ण स्वतःचे निराश विचार पारखून बदलायला शिकतो. आजार तीव्र असल्यास औषध आणि समुपदेशन दोन्ही लागतात.

आपल्या आचाराच्या अडचणीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगाव्यात. जिलेटिनची कॅप्सूल चालत नसेल तर बहुतेक वेळा गोळीचा पर्याय मिळतो. चौविहार असेल तर औषधाची वेळ बदलून घेता येते. पर्युषणात उपवास करायचा असल्यास आधी विचारावे. मनाने औषध थांबवू नये. सामायिकात चित्त लागत नाही म्हणून रुग्ण स्वतःला पापी समजू लागतो. ही अपराधी भावनासुद्धा आजाराचेच लक्षण आहे, हे त्याला समजावून सांगणारे कोणी तरी घरात हवे. मधुमेहाला कर्माचे फळ म्हणून कोणी औषधाविना ठेवत नाही. मग मनाच्या आजाराला तरी का ठेवावे?

आजार लपवण्यामागे बहुधा दोन भीती असतात: मुलांच्या सोयरिकी आणि पेढीची पत. पण उपचार लांबले की आजार बळावतो आणि कधी जिवावर बेततो. ‘बाबा, जगणे नकोसे वाटते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कोंडलेले मन मोकळे होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही संरक्षण द्यायचे आहे.

मंदीत सापडलेल्या भावाचे दुकान सांभाळायला आपली माणसे न बोलावता धावून येतात. तसेच कोणी तरी सकाळी दुकानाच्या किल्ल्या आपल्या हाती घ्याव्या आणि दुसऱ्या कोणी त्या गृहस्थासोबत दवाखान्याची पायरी चढावी. बरे होण्याची सुरुवात एवढ्यानेही होऊ शकते.