फेस काढणारे यंत्र

पावसाळ्यात समुद्रकिनारी साचणारा पिवळट फेस श्रोत्यांनी पाहिला असेल. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून वर येतात, म्हणून तो होतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीतील ‘प्रोटीन स्किमर’ हेच करतो. घाण कुजून माशांना घातक असा अमोनिया होण्यापूर्वीच ती फेसावाटे वरच्या पेल्यात जाते. गोड्या पाण्यात बुडबुडे तितके बारीक राहत नाहीत. तेथे हा खर्च व्यर्थ.

यंत्र पेटीच्या पाण्याहून अधिक क्षमतेचे घ्यावे. विक्रेत्याचा आकडा बहुधा उदार असतो. नव्या यंत्रात काही दिवस फेस नीट धरत नाही, त्याने घाबरू नये. खरी निगा फेस चढतो त्या गळ्याची. तेथे तेलकट थर बसला की फेस मोडतो. दोन-तीन दिवसांनी तो धुवावा, साबण मात्र वर्ज्य. हवेच्या नळीत साचलेले मीठ कोमट पाण्याने काढावे.