घरच्या संगणकाला स्पीकर घेताना : आधी शब्द, मग दणका

टेंभुर्णी : आपल्या वस्त्यांमध्ये संगणक आता फक्त अर्ज भरण्यापुरता किंवा अभ्यासापुरता राहिलेला नाही. बाबासाहेबांचा आवाज, धम्मप्रवचने, वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांची गाणी, चित्रपट, ऑनलाइन व्याख्याने हे सगळे त्याच पडद्यावर येते. संगणकाचा स्वतःचा आवाज अपुरा पडतो. मग तरुण मंडळी पैसे साठवून ‘५.१’ होम थिएटर घ्यायला निघतात. घरचे पैसे असोत वा मंडळाची वर्गणी, ते कष्टाचेच असतात. म्हणून त्या पैशातून नेमके काय मिळते, हे दुकानात जाण्याआधी समजून घेऊ या.

५.१ म्हणजे काय?

पुढे डावा, उजवा आणि मधला, तर मागच्या बाजूला डावा आणि उजवा, असे पाच स्पीकर. ‘.१’ म्हणजे खर्जाचा सबवूफर. या सहाही स्पीकरना वेगवेगळा आवाज मिळाला, तरच तो खरा सराउंड. त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण सहा वाहिन्यांचे हवे आणि संगणकातूनही सहा वाहिन्या बाहेर पडायला हव्यात.

बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची आहे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली भीमगीते फार तर स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांची असतात. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओही स्टिरिओच. अशा वेळी स्वस्त संच एकच आवाज पुढे-मागे सगळीकडे वाजवतो. खोली भरल्यासारखी वाटते, पण शब्द पुसट होतात. भाषणाचा, गाण्याचा प्राण तर शब्दातच आहे.

सराउंडचा खरा उपयोग चित्रपटाला होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचे चित्रपट थिएटरमध्ये पाहिलेल्यांना चोहोबाजूंनी येणारा आवाज म्हणजे काय ते ठाऊक आहे. घरी मात्र डिस्कवर किंवा ॲपमध्ये ५.१ आवाज दिलेला असेल, तरच तो अनुभव येतो. ब्राउझरमध्ये अनेकदा स्टिरिओच मिळतो.

कोणी काय घ्यावे?

भाषणे, अभ्यासवर्ग आणि गाणी हाच मुख्य वापर असेल, तर दोन चांगले स्पीकर पुरेसे आहेत. ढोलकी-हलगीचा खर्ज हवा असेल, तर २.१ घ्यावा. चित्रपट भरपूर पाहणार असाल आणि मागे स्पीकर ठेवायला जागा असेल, तरच ५.१ कडे वळावे. त्याच किमतीत सहा हलके स्पीकर घेण्यापेक्षा दोन दमदार स्पीकर केव्हाही बरे.

खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापलेले दिसतील. तिकडे लक्ष देऊ नका. ‘आरएमएस’ हा आकडा पाहा. स्पीकर सतत किती ताकदीने वाजू शकतो, हे त्यावरून कळते. दुकानात दणक्याचे गाणे लावून दाखवतात. आपण मोबाईलवर एखादे भाषण घेऊन जावे आणि ते लावायला सांगावे. कमी आवाजातही शब्द स्वच्छ कळले, तर संच कामाचा.

जोडणी

बहुतेकांची फसगत इथेच होते. हेडफोनच्या साध्या एका वायरमधून दोनच वाहिन्या जातात. ब्लूटूथवरही दोनच. डेस्कटॉपच्या मागे हिरवे, काळे आणि नारिंगी अशी तीन छिद्रे असतील, तर हिरवे पुढच्या, काळे मागच्या आणि नारिंगी मधल्या स्पीकर व सबवूफरसाठी असते. संचालाही तशाच तीन पिना हव्यात. लॅपटॉपला एकच छिद्र असेल, तर ५.१ देणारे यूएसबी साउंड कार्ड लागते. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील ‘साउंड’ उघडून ‘प्लेबॅक’मध्ये आपला स्पीकर निवडा, ‘कॉन्फिगर’वर जा, ५.१ निवडा आणि ‘टेस्ट’ दाबा. प्रत्येक स्पीकर आपापल्या पाळीने वाजला पाहिजे. सुट्या वायरी असतील तर लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडा. एका स्पीकरची वायर उलटी लागली, तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पोकळ येतो.

मांडणी

तुम्ही आणि पुढचे दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरची तोंडे तुमच्याकडे आणि उंची कानाच्या पातळीला. मधला स्पीकर पडद्याच्या अगदी खाली किंवा वर. मागचे दोन पाठीमागच्या भिंतीत कोंबू नका. ते कानाच्या रेषेपेक्षा थोडे मागे, दोन्ही बाजूंना ठेवा. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की नुसता घुमतो. तो कोपऱ्यापासून दूर, पुढच्या बाजूला ठेवा.

फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असेल, तर आवाज आदळून परत येतो. यावर उपाय घरातच आहे. समोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून, भिंतीपासून थोडे अंतर ठेवून टांगा. खाली सतरंजी अंथरा. खर्ज तेवढ्याने थांबणार नाही, पण शब्दांचा कर्कश प्रतिध्वनी बराच कमी होतो.

विहारात वापरताना

हाच संगणक वर्षावासात ग्रंथवाचनाला किंवा व्याख्यानाला विहारात नेला जातो. तिथे सराउंड उपयोगाचा नाही, कारण तो मध्यभागी बसलेल्या दोघातिघांनाच नीट ऐकू येतो. पंधरा-वीस जण असतील तर दोनच स्पीकर पुढे, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा आणि खर्ज कमी करा. शेवटच्या ओळीतल्या आजीला प्रत्येक शब्द कळला, म्हणजे मांडणी जमली.

एक गोष्ट शेजाऱ्यांची. खर्ज भिंतीतूनही पलीकडे जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. पण नियमापेक्षा साधी गोष्ट ही, की भिंतीपलीकडे कुणी पोलीस भरतीचा, कुणी बारावीचा अभ्यास करत असते. ‘शिका’ हा पहिला आदेश आहे. आपल्या स्पीकरने तो मोडता कामा नये.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी स्वच्छ शब्द, मग योग्य जागा, आणि पैसे उरले तर दणका. उरलेल्या पैशात विहाराच्या ग्रंथालयाला दोन पुस्तके आली, तर त्याहून उत्तम.

जय भीम!